दहावी रत्नागिरीत पास, ओटीपी विरारला

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आम्हाला आता पाठ झाली आहे. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं हे मंडळ, आणि त्यातल्या शंभरांतली जेमतेम एक-दोन मुलं मागे राहतात. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते, मे-जून महिन्यांत वाडीतल्या मुलांचे अर्ज भरून देते, आणि पेढे वाटून झाल्यावर काय होतं ते जवळून बघते.

अकरावीचे प्रवेश आमच्याकडे ऑनलाइन झाले त्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. वाडीतली एक मुलगी, गणितात शंभरपैकी चौऱ्याण्णव. तिला सायन्सला जायचं होतं, घरच्यांची ना नव्हती. अर्ज भरायला माझ्या पडवीत बसली आणि ओटीपी गेला विरारला, वडिलांच्या फोनवर. वडील रात्रपाळी करून झोपलेले. ते उठेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. "काकी, परत पाठवू काय?" असं चार संध्याकाळी चाललं. पाचव्या दिवशी रेंजच गेली. मग उत्पन्नाचा दाखला राहिलाय असं कळलं, आणि आई म्हणाली, "एवढी लावणी आटपू दे, मग जाऊ तालुक्याला." लावणी आटपली तेव्हा हव्या त्या कॉलेजातल्या जागा भरून गेल्या होत्या. ती आता दुसरंच काहीतरी शिकते आहे.

तिला कुणी अडवलं नव्हतं. फी भरायची घरची तयारी होती आणि अभ्यासात ती कुठेच कमी नव्हती. चार बारीकसारीक गोष्टी एकावर एक येऊन पडल्या, एवढंच. अशा बारीकसारीक गोष्टींचा अभ्यास करणारी अर्थशास्त्राची एक शाखाच आहे. तिच्यातला एक शब्द हल्ली शिक्षणाच्या चर्चेत सारखा ऐकू येतो, तो म्हणजे 'नज'.

## नज म्हणजे काय

इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कोपराने हळूच ढोसणे. आपल्याकडे कोपरखळी म्हटलं की चिमटा काढणं, टोमणा मारणं आठवतं, म्हणून तो शब्द इथे चालत नाही. २००८ मध्ये रिचर्ड थेलर हे अर्थतज्ज्ञ आणि कॅस सनस्टीन हे कायद्याचे अभ्यासक यांनी पुस्तक लिहून या कल्पनेला नाव दिलं. थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. भारत सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालातही या विषयावर एक पूर्ण प्रकरण होतं.

व्याख्या साधी आहे. माणसाला कशाचीही बंदी करायची नाही, पैशाचं मोठं आमिष दाखवायचं नाही, दंडही करायचा नाही. त्याच्यासमोर पर्याय ज्या पद्धतीने मांडलेले असतात ती मांडणी थोडी बदलायची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या भल्याचं काम त्याच्या हातून सहज होईल. नको असेल तर नाही म्हणायची वाट त्याला पूर्ण मोकळी हवी.

शेतात पाणी फिरवताना आपण काय करतो ते आठवा. वरच्या कुणग्यातलं, म्हणजे भाताच्या वाफ्यातलं, पाणी खालच्यात न्यायचं असेल तर कुणी ते ढकलत बसत नाही. मेरेला कुदळीने एक तोंड पाडतो आणि पाणी आपणहून उतरतं. नजचं काम त्या तोंडाएवढं आहे. वर पाणीच नसेल तर दहा तोंडं पाडून उपयोग नाही, हेही त्यातच आलं. पुढचं सगळं वाचताना हा कुणगा डोळ्यांसमोर ठेवा.

## मुलं आणि पालक आळशी आहेत का?

लोकांचा पहिला आक्षेप हाच असतो. "शिकायचं असेल त्याने तारीख लक्षात ठेवावी. आमच्या वेळी कोण आठवण करत होतं?" आमच्या वेळी शाळेचा दाखला घेऊन कॉलेजात जायचं आणि समोर बसलेल्या कारकुनाला तो द्यायचा, की प्रवेश झाला. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्यात नोंदणी, कागदपत्रं, कॉलेजांचा पसंतीक्रम, मग फेऱ्या. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. मुंबई-पुण्याला हे वर्षानुवर्षं सवयीचं होतं, आमच्याकडे एकदम येऊन पडलं.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच माणसांची विचारशक्तीची चाचणी तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर घेतली. माणसं तीच, पण तोडणीआधीची कामगिरी स्पष्टपणे कमी. चणचण असली की डोकं तिच्यातच गुंतलेलं असतं, बाकीच्या गोष्टींना त्यात जागा कमी उरते. आता आपलं जून-जुलै बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. आंबा संपलेला. भाताला पैसा लावायचा, तो परत मिळायला दिवाळी. त्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. प्रवेशाची सगळी धावपळ नेमकी वर्षातल्या सर्वांत ओढाताणीच्या दोन महिन्यांत येते. त्या आईने "लावणी आटपू दे" म्हटलं त्यात आळस शोधणाऱ्याने एकदा गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून बघावं.

## आधी चिखल काढा

वाटेत विनाकारण साचलेल्या अडचणींना थेलर यांनी वेगळं नाव दिलं आहे, त्याचा अर्थ 'गाळ' किंवा 'राड'. आपण चिखलच म्हणू. अर्ज लांबलचक असणं, एकच कागद तीन ठिकाणी मागणं, फोटोचा आकार चार केबीने जास्त झाला म्हणून पान परत पहिल्यापासून सुरू होणं, हा सगळा चिखल. शिक्षणातल्या नजचे सर्वांत खात्रीचे प्रयोग हा चिखल काढण्याचेच आहेत.

अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी मदत मिळवायला शंभराहून जास्त प्रश्नांचा अर्ज होता. संशोधकांनी काय केलं, तर कमी उत्पन्नाची कुटुंबं करविवरण भरायला जिथे जातात त्याच टेबलावर तो अर्ज भरून द्यायची सोय केली. उत्पन्नाची माहिती समोर होतीच, राहिलेली काही मिनिटांत भरून झाली. त्या घरांतली कॉलेजात जाणारी बारावीची मुलं शंभरांत आठने वाढली. दुसऱ्या एका गटाला फक्त माहिती दिली होती: तुम्हाला एवढी मदत मिळू शकते, अर्ज अमुक ठिकाणी करा. त्या गटात काहीच फरक पडला नाही.

शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे 'जनजागृती' म्हणून जे चालतं, म्हणजे फलक, पत्रकं, मार्गदर्शन शिबिरातलं भाषण, ते सगळं त्या फक्त माहिती मिळालेल्या गटातलं आहे. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणाच्या आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आमच्या वाडीत हे ठाऊक नाही असं एकही घर नसेल. पण महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि त्यासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला, बँक खात्याला आधार जोडलेलं, हे सगळं गोळा करणारा हात प्रत्येक घरात नाही.

चिखल निघाला की किती फरक पडतो याचं उदाहरण घरचंच आहे. एसटीचा विद्यार्थी पास काढायला मुलं आगाराच्या खिडकीवर तासन्तास रांगेत उभी असायची. बारावीपर्यंतच्या मुलींना तर तो फुकट आहे, पण त्यासाठी शाळेचा एक दिवस बुडायचा. महामंडळाने पास शाळेतच नेऊन द्यायची मोहीम काढली. पास तोच, सवलतही पूर्वीचीच. गेली ती रांग.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे 'आपोआप नोंद'. काहीच केलं नाही तर काय होईल, हे आधीच ठरलेलं असतं आणि बहुतेक माणसं ते तसंच राहू देतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात मुलांची गैरहजेरी आणि राहिलेला गृहपाठ पालकांना फोनवर कळवणारी सेवा होती. वेबसाइटवर जाऊन नोंदणी करा म्हटलं तर शंभरांतल्या एकानेही केली नाही. एका शब्दाचं उत्तर पाठवा म्हटलं तेव्हा दहातला एखादा तयार झाला. आम्ही तुम्हाला जोडून घेतलंय, नको असेल तर कळवा, असं म्हटल्यावर शंभरांतले पंच्याण्णवहून जास्त पालक त्यात राहिले. गंमत म्हणजे कळवून बाहेर पडायची मुभा प्रत्येकाला होती.

## मग फोनवर मेसेज पाठवले की झालं?

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या विषयावरचे बरेच लेख इथेच सोडून देतात.

अमेरिकेतही कॉलेजात जागा मिळालेली, जायचं ठरवलेली कितीतरी मुलं सुट्टीच्या महिन्यांत गळतात. त्याला तिथे 'उन्हाळी गळती' म्हणतात, आपली पावसाळी. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी अशा मुलांना उरलेल्या कामांची आठवण करून देणारे मेसेज पाठवले. एका मुलामागे खर्च सात डॉलरच्या आसपास. ज्या गावांत मुलांना दुसरी फारशी मदत नव्हती तिथे प्रवेश वाढले. जिथे आधीपासून मदत होती तिथे वाढले नाहीत. बातमी जगभर गेली आणि ज्याला त्याला वाटलं, मेसेज पाठवा, मुलं शिकतील.

मग हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर करून बघितला. आठ लाख विद्यार्थ्यांना मदतीच्या अर्जाची आठवण करणारे संदेश गेले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला: परिणाम शून्य. टोरंटो विद्यापीठात पाच वर्षं सुमारे पंचवीस हजार विद्यार्थ्यांवर संदेश, ऑनलाइन सराव, ध्येय लिहून काढणं असं सगळं केलं, गुण वाढले नाहीत. २०२२ मध्ये आणखी एक मोठी बेरीज प्रसिद्ध झाली, ती शिक्षणापुरती नव्हे, सगळ्याच क्षेत्रांतल्या नजची. संशोधन पत्रिकांत छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी शंभरांत ८.७ जणांचा फरक दिसत होता. अमेरिकेत सरकारी कामात प्रत्यक्ष वापर करणाऱ्या पथकांच्या प्रयोगांत तो १.४ निघाला. म्हणजे फरक पडतो, पण ऐकीव चर्चेपेक्षा पुष्कळ कमी.

असं का झालं असावं? एक शक्यता मला पटते. सुरुवातीच्या प्रयोगांत मेसेज आपल्याच गावातल्या ओळखीच्या संस्थेकडून येत होता आणि उत्तर पाठवलं तर पलीकडे खरा माणूस होता. मोठ्या मोहिमेत तो लांबून, सगळ्यांना एकसारखा आला. बोट्स्वाना देशात २०२० मध्ये शाळा बंद असताना संशोधकांनी पालकांना गणिताचे मेसेज पाठवले, त्याने फारसं काही झालं नाही. काही घरांत मेसेजसोबत दर आठवड्याला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन जायचा, त्या घरांतली मुलं खरोखर पुढे गेली.

आपण सगळे दिवसाला किती मेसेज न वाचता पुसतो ते आठवा. शाळेच्या ग्रुपवर सकाळी सुविचार, दुपारी वाढदिवस, आणि मध्ये कुठेतरी 'उद्या शेवटची तारीख'. त्याऐवजी बाईंनी स्वतः फोन करून "अगं, तुझा पसंतीक्रम अजून दिसत नाही, काय अडलंय?" असं विचारलं तर मुलगी सांगते, ओटीपी विरारला जातो म्हणून. अडचण कळली की मार्ग निघतो. मेसेजला अडचण सांगता येत नाही.

## अभ्यासाचं काय?

अर्जाचं काम एकदाचं असतं, अभ्यास रोजचा. तिथे नज थोडा वेगळ्या रीतीने लागतो.

पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायला सांगितला. निम्म्यांना कुठे आणि कधी बसून लिहिणार हे आधी ठरवायला लावलं. त्यांच्यातल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांनी तो लिहिला, न ठरवणाऱ्यांपैकी एक तृतीयांशानेच. 'रोज अभ्यास करीन' आणि 'देवाजवळ दिवा लावला की ओटीवर बसून गणितं सोडवीन' यांत एवढा फरक आहे. आपल्या आज्यांना हे माहीत होतं. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन शुभंकरोति, मग परवचा. पाढे कधी म्हणायचे हे मुलाला ठरवावं लागत नव्हतं, दिवाच ते ठरवायचा.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचं वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. एकट्या मुलाला "फोन ठेव" म्हणणं आणि शेजारच्या सगळ्या घरांत त्या वेळी फोन ठेवलेले असणं, यातला फरक कुठल्याही आईला सांगावा लागणार नाही.

हजेरीची गोष्टही अशीच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पालकांना साधं पत्र गेलं: या वर्षी तुमच्या मुलाचे इतके दिवस बुडाले. उपदेश नाही, फक्त आकडा. सतत गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त घटलं. आपलं मूल किती दिवस शाळेत गेलं नाही याचा आईबापांचा अंदाज नेहमी कमी असतो. लावणीचे आठ, गणपतीला शाळेच्या सुट्टीपुढे वाढवलेले चार, पालखीचे तीन, आजीच्या दवाखान्याचे दोन. प्रत्येक वेळी कारण खरं असतं, म्हणून बेरीज कुणी करत नाही.

## ही गोड बोलून केलेली फसवणूक नाही ना?

होऊ शकते. ऑनलाइन क्लासवाले सात दिवस फुकट म्हणतात, आठव्या दिवशी खात्यातून पैसे जातात आणि बंद करायचं बटण सापडत नाही. तिथेही मांडणीच वापरलेली असते, फक्त फायदा विकणाऱ्याचा. माझी कसोटी अशी: जे केलं ते मुलाला आणि त्याच्या बापाला समोर बसवून सांगता येईल का, आणि नको म्हणणं तितकंच सोपं आहे का? पास शाळेत आणून दिला, हे कुणालाही सांगता येतं. गुणांवरून मुलांना लाजवणारी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं माझ्या लेखी या कसोटीला उतरत नाही, मग त्याने चार मुलं अभ्यासाला लागली तरी.

## सगळं हातात दिलं तर मुलं स्वतः कधी शिकणार?

हा प्रश्न शिक्षक विचारतात आणि तो खरा आहे. पण कष्ट दोन प्रकारचे असतात. प्रमेय सोडवताना अडून बसण्याने मूल वाढतं. पीडीएफ लहान कशी करायची यात अडून बसण्याने मूल फक्त थकतं, आणि कधी कधी शाळाच सोडतं. पहिले कष्ट मुलाचेच राहू द्यावेत. दुसरे आपण वाटून घेतले तर बिघडत नाही. तो अर्ज मुलीलाच भरू द्यावा, आपण शेजारी बसावं.

## सरकारला ही स्वस्तातली पळवाट तर नाही?

माझी खरी भीती ही आहे. नज स्वस्त असतो, आणि स्वस्त गोष्ट दिसली की महागडी आवश्यक गोष्ट पुढे ढकलली जाते. व्हाळावर साकव, म्हणजे ओढ्यावर छोटा पूल, नाही म्हणून पावसात मूल पलीकडे जाऊ शकत नसेल तर त्याच्या आईला हजेरीचा आकडा कळवणं क्रूर आहे. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्यामुळे माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्या. सायकल हा नज नव्हे, ती चांगली भक्कम मदत आहे. शाळा लांब असेल तर सायकल लागते, एसटीची वेळेवरची फेरी लागते, शिक्षकाची रिकामी जागा भरावी लागते. वरच्या कुणग्यात पाणी हवं, म्हणतात ते हेच.

## कोकणातलं वेळापत्रक

माझ्यापुरतं मी आता कामाचं वेळापत्रकच बदललं आहे. प्रवेश पावसात येतो, पण आमच्या घरांतली कर्ती माणसं पावसात इथे नसतात. ती येतात शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. शिमग्याच्या वेळी दहावीची परीक्षा चालू असते, तेव्हा मुलांना मी हात लावत नाही. वडिलांना गाठते. पालखी घरी येऊन गेली की आजोबांच्या जुन्या दाखल्याची चौकशी करायची, पेटीत नसेल तर कुठल्या शाळेत मिळेल ते विचारून ठेवायचं. एप्रिल लागला की नव्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. मे महिन्यात चाकरमानी आले की आधारला कुणाचा नंबर आहे तो बघायचा आणि तो इथे घरी असणाऱ्या माणसाचा करून घ्यायचा. महाडीबीटीचं राहिलेलं गणपतीत, वडील आरतीला समोर असताना.

यंदा मे महिन्यात आमच्या पडवीत सात बापे ओळीने बसले होते, हातात फोन घेऊन. त्यातल्या एकाच्या धाकट्या मुलीची दहावी पुढच्या वर्षी आहे. थोरलीच्या वेळी ओटीपी त्याच्याच फोनवर गेला होता. आधार केंद्रावर जायला मी गाडी ठरवली होती, त्यात तो सगळ्यांत आधी जाऊन बसला.